नाल्यापलीकडची त्रेचाळीस घरं

सत्यशीला नगराळे खैरदऱ्याच्या कोतवाल होत्या तेव्हा मी तिथला ग्रामसेवक होतो. हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढे जे घडलं त्यात कागदावर माझीही सही आहे, आणि पहिली सही तरी चुकीच्या बाजूला आहे.

मी मूळचा नेरचा. बदली होऊन खैरदऱ्याला आलो तेव्हा जुनं गाव धरणात जाऊन आठ वर्षं झाली होती. मारेगाव आणि मुकुटबन यांच्या मधल्या त्या भागात नवं खैरदरा टेकाडावर वसवलेलं आहे. सरळ रस्ते, सारख्या मापाचे प्लॉट, प्रत्येक चौकात हायमास्टचा उंच दिवा. खाली उतरलं की नजर पोचेल तिथवर पाणी. जुनं गाव मी कधी पाहिलंच नाही. माझ्यासाठी ते फायलीतलं गाव होतं.

सत्यशीलाबाईंसाठी ते तसं नव्हतं. त्यांचे वडील सुखदेव नगराळे जुन्या गावाचे कोतवाल होते. ते वारल्यावर बाईंनी अर्ज केला तेव्हा, बाईमाणूस दवंडी देईल काय, नोटिसा घेऊन रानोमाळ फिरेल काय, असं पुष्कळ झालं म्हणतात. बाई तेव्हा तिशीच्या, नवरा अपघातात गेलेला, पोटाशी एक मुलगी. त्या मुलाखतीला गेल्या आणि साहेबांनी विचारण्याआधीच त्यांनी तिथं उभ्या उभ्या दवंडी दिली. शेजारच्या खोलीतले कारकून बाहेर येऊन पाहू लागले. नोकरी मिळाली. मुलगी उर्वशी पुढे शिकून नागपूरला नर्स झाली. बाई गावातच राहिल्या.

कोतवाल म्हणजे तलाठ्याचा गावातला माणूस. नोटीस पोचवायची, पंचनाम्याला माणसं जमवायची, सभेची दवंडी द्यायची. आता गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, तरी सभेची वर्दी सत्यशीलाबाई तोंडीच देत. ग्रामपंचायतीनं त्यांना बॅटरीचा भोंगा घेऊन दिला होता, तो त्यांनी कपाटात ठेवून दिला. भोंग्यातून कोण बोलतं ते कळत नाही, माणसाचा आवाज ओळखीचा पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. लुगड्याचा काष्टा, पायात पुरुषी सँडल, डोळ्यांवर जाड चष्मा. त्यांचा आवाज पाण्यावरून पलीकडच्या काठाला जायचा.

धरणाच्या पाण्यामुळे एक नवीनच गोष्ट झाली. रविवारी वणी, पांढरकवड्याकडची माणसं गाड्या घेऊन येऊ लागली. बोटीत बसावं, तळलेली मासोळी खावी, फोटो काढावेत आणि संध्याकाळी परत जावं. काठावर दहा-बारा टपऱ्या झाल्या. मग माजी सरपंच पुंडलिकराव यांच्या मनात आलं की इथं येणाऱ्याला खालच्या पाण्यात एक गाव होतं हे समजलं पाहिजे. कल्पना खरोखर चांगली होती. पुंडलिकराव माणूसही वाईट नव्हता, आजही नाही. सत्तरीकडे झुकलेला, कापूस-तुरीचा मोठा शेतकरी, जुन्या गावाचं नाव काढलं की डोळे भरून यायचे. मासेमारी संस्थेचा रिकामा पडलेला हॉल त्यांनी मिळवला, सात जणांची समिती केली, मला सचिव केलं आणि दालनाला नाव दिलं ‘आमचं खैरदरा’.

गावाला आवाहन केलं की जुन्या गावातल्या वस्तू आणून द्या. मीच ते आवाहन लिहिलं आणि सत्यशीलाबाईंनी त्याची दवंडी दिली. आठवडाभरात हॉल भरला. जातं, पाटा, बैलगाडीची चाकं, तिफण, शाळेची घंटा, मारुतीच्या देवळाचा दरवाजा, पोळ्याला बैलांना घालायच्या झुली, पोस्टाची लाल पेटी. शकुबाई नावाच्या एका म्हातारीनं आपल्या लग्नातला लाकडी पाट आणला आणि तो कुठं ठेवायचा ते स्वतः दाखवून गेली.

सत्यशीलाबाई पिठाचा मोठा डबा घेऊन आल्या. झाकण काढलं तर आत टिनाचे छोटे पत्रे होते. घरांवर ग्रामपंचायत नंबर ठोकते ते. निळ्या रंगावर पांढरे आकडे, दोनशे बारापासून दोनशे चोपन्नपर्यंत.

त्या पत्र्यांची हकीकत त्यांनी मला तेव्हा सांगितली. जुन्या गावाच्या पूर्वेला एक नाला होता आणि नाल्याच्या पलीकडे बौद्ध वस्ती. कित्येक वर्षं त्या घरांना नंबरच नव्हते. पत्र यायचं ते ‘नाल्यापलीकडे’ एवढ्याच पत्त्यावर, आणि पोस्टमन ते नाल्याच्या अलीकडेच चहाच्या हॉटेलात देऊन जायचा. सुखदेव नगराळे स्वतः सरकारचे कोतवाल, साऱ्या गावाच्या नोटिसा वाटणारे, आणि त्यांच्याच घराला पत्ता नाही. ते दरसाल ग्रामपंचायतीत अर्ज देत राहिले. सातव्या अर्जाला नंबर मंजूर झाले. पत्रे ठोकले त्या दिवशी वस्तीतल्या पोरींना त्यांनी आकडे पाठ करायला लावले होते. सत्यशीलाबाईंना ते अजून पाठ होते, कोणत्या नंबरात कोण राहायचं त्यासकट.

गाव सोडताना लोकांनी दारं नेली, खिडक्या नेल्या, आढी-वासे नेले. पत्रे कुणी नेले नाहीत. कोतवाल म्हणून बाई सर्वांत शेवटी निघाल्या, आणि निघण्याआधी दिवसभर स्क्रू ड्रायव्हर घेऊन त्यांनी ते त्रेचाळीस पत्रे काढले.

मी रजिस्टरात लिहिलं: ‘टिनाचे जुने पत्रे, ४३ नग.’ पुंडलिकरावांनी डब्यात डोकावून पाहिलं, हसले, आणि टिनाचं काय दाखवायचं, पुढं पाहू म्हणाले. डबा टेबलाखाली गेला.

दालनाचं मुख्य आकर्षण म्हणजे समोरच्या भिंतीवरचा नकाशा. बारा फूट लांब, आठ फूट उंच. तो काढायला यवतमाळहून दिपाली नावाची चित्रकला शिक्षिका येत होती. मुलगी हुशार होती. समितीनं तिला जुन्या गावठाणाचा आराखडा दिला होता, त्यावरून ती रंगवत होती. पाटलाची गढी, चावडी, मारुतीचं देऊळ, शाळा, बाजाराचा ओटा, एकेक घर कौलासकट. उजव्या बाजूनं निळा नाला काढला. नाल्याच्या पलीकडे हिरवीगार आमराई रंगवली आणि आमराईवर मोठ्या अक्षरांत ‘आमचं खैरदरा’.

उद्घाटनाला आठ दिवस उरले असताना सत्यशीलाबाई निमंत्रणपत्रिका न्यायला हॉलमध्ये आल्या. मी खुर्चीत बसून यादी करत होतो. त्या नकाशासमोर गेल्या आणि उभ्या राहिल्या. मग त्यांनी विचारलं, “साहेब, हे झाडं कायचे?”

आमराई आहे, मी म्हणालो.

“आमराई तं देवळाच्या मांगं होती. इथं मी राहत होती.”

मी नकाशाकडे पाहिलं. खरं सांगतो, तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. बौद्ध वस्तीच्या सगळ्या फायली मी हाताळल्या होत्या, तिथल्या माणसांना मी रोज भेटत होतो, आणि तरी ती भिंत पाहताना मला काही चुकल्यासारखं वाटलं नव्हतं.

त्याच दुपारी त्या पुंडलिकरावांकडे गेल्या. मीही गेलो. पुंडलिकरावांनी शांतपणे समजावलं की आराखडा फार जुन्या नोंदीवरून केला आहे, त्या नोंदीत नाल्यापलीकडची वस्ती नाही, त्यात कुणाचा काही हेतू नाही. शिवाय नाव लिहायला जागा लागते. आता सगळं रंगवून झालंय, फार तर कोपऱ्यात ‘इतर वस्ती’ म्हणून एक खूण करू. बाईंनी नकारार्थी मान हलवली. मग पुंडलिकरावांनी बुद्ध विहाराचा एक फोटो फ्रेम करून लावायची तयारी दाखवली.

“फोटो नाई पायजे, भाऊ,” बाई म्हणाल्या. “घरं पायजे. तुमच्या घराच्या खिडक्या सुद्धा मोजून काढल्या. आमचं घर काहून नाई?”

पुंडलिकराव म्हणाले की इतक्या वर्षांनी गाव एकत्र येतंय, त्यात खोट काढू नकोस. समितीची बैठक त्याच संध्याकाळी झाली. नकाशा आहे तसाच ठेवण्याचं ठरलं. इतिवृत्त मी लिहिलं आणि त्याखाली सही केली. सुरुवातीला जिच्याबद्दल सांगितलं ती सही हीच.

बाईंनी दुसऱ्या दिवशी पिठाचा डबा परत नेला. मी रजिस्टरात ‘परत’ असा शेरा मारला.

त्यांचे धाकटे भाऊ धर्मपाल गावातून मारेगावला ऑटो चालवतात. त्यांनी बहिणीला समजावून पाहिलं. वर्षाभरात तू रिटायर होणार, कशाला वाकड्यात शिरते, ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. बाईंनी त्यांना एवढंच विचारलं की ज्याला माहीत नाही त्याचं काय. हे धर्मपालांनीच मला नंतर सांगितलं. त्या दिवशी आपण चिडून निघून गेलो, असंही सांगितलं.

उद्घाटनाची दवंडी मी लिहून दिली होती. नेहमीसारखीच: अमुक तारखेला, सकाळी अकरा वाजता, अमुक पाहुण्यांच्या हस्ते, सर्व ग्रामस्थांनी उपस्थित राहावे. सकाळी मी ऑफिसात बसलो होतो आणि बाईंचा आवाज पहिल्या चौकातून येत होता. कागदावरचा मजकूर त्यांनी शब्दाशब्दानं पुरा म्हटला. मग थांबल्या. मला वाटलं संपलं.

“आन ऐका हो,” आवाज पुन्हा आला. “दालनातल्या नकाशात नाल्यापलीकडचं गाव नाई. तिथं आमराई दाखवली हाय. ज्याचं ज्याचं घर तिथं होतं त्यानं उद्घाटनाले यावं आन आपलं घर कुठं होतं ते दाखवावं हो.”

मी खुर्चीतून उठलो. तोवर त्या दुसऱ्या चौकात पोचल्या होत्या आणि तिथंही तेच म्हणत होत्या. सरकारी दवंडीत आपलं वाक्य घालणारा कोतवाल मी माझ्या नोकरीत दुसरा पाहिला नाही. सातही चौकांत त्यांनी ते सांगितलं, नवी बौद्ध वसाहत जिथं आहे तिथं आणि पुंडलिकरावांच्या दारासमोरही, त्याच आवाजात, ना कमी ना जास्त.

तिसऱ्या दिवशी तालुक्याहून कारणे दाखवा नोटीस आली. कुणी कळवलं ते मला ठाऊक आहे, पण ते सांगून आता उपयोग नाही. गंमत अशी की गावातली नोटीस पोचवण्याचं काम कोतवालाचं, म्हणून स्वतःच्या नावाची नोटीसही त्यांनीच तालुक्याहून आणली आणि पोच म्हणून स्वतःच सही केली. खुलासा त्यांनी माझ्यासमोर बसून लिहिला. मी सांगत होतो की दिलगिरीची एक ओळ घाला, प्रकरण मिटेल. त्यांनी लिहिलं ते असं: ‘नकाशात नाल्यापलीकडची घरे नाहीत हे खरे आहे. दवंडीत मी खोटे काही सांगितले नाही. खुलासा मान्य नसल्यास माझे कोणते वाक्य खोटे होते ते कळवावे.’

त्याला तालुक्याहून उत्तर आलं नाही. फाईल उघडीच राहिली.

उद्घाटनाचा दिवस कापूस वेचणीचा होता. नाल्यापलीकडची त्रेचाळीस कुटुंबं, पण त्यांतली कितीतरी पुण्याला, कितीतरी हैदराबादला. जी गावात होती त्यांतली अर्धी वेचणीला गेलेली. काहींना भीती वाटली, आणि ती वाटणं साहजिक होतं, कारण वर्षभर ज्यांच्या शेतात काम मिळतं तीच माणसं समितीत होती. बाईंनी घरोघर जाऊन ज्याचा त्याचा पत्रा ज्याच्या त्याच्या हातात दिला होता. आले अकरा जण. धर्मपाल आले नाहीत.

ते अकरा जण घोषणा न देता आत आले आणि नकाशासमोर रांगेत उभे राहिले. प्रत्येकाच्या हातात छातीशी धरलेला पत्रा. दोनशे बारा, दोनशे सतरा, दोनशे तीस. बाहेरगावी राहणाऱ्यांचे चार पत्रे बाईंनी स्वतः धरले होते. पाहुणे आले, थबकले, हे काय म्हणून विचारलं. पुंडलिकरावांनी घाईघाईनं सांगितलं की गावकरी आहेत, जुन्या आठवणी घेऊन आलेत. पाहुणे कौतुकानं हसले, त्यांनी अकरा जणांसोबत फोटो काढून घेतला, फीत कापली, जातं फिरवून पाहिलं आणि चहा घेऊन गेले. नकाशाकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

बाई बाहेर पायरीवर बसल्या होत्या. मी जवळ गेलो तर त्या रडत नव्हत्या. चष्मा पुसत होत्या. मी म्हणालो, झालं ते झालं, आता सोडा.

“कायले सोडू?” त्या म्हणाल्या. “आजच तं सुरू झालं.”

त्यानंतर दर रविवारी त्या दालनात जाऊ लागल्या. पर्यटक नकाशासमोर आले की बाई पुढं व्हायच्या आणि हातातल्या काडीनं आमराई दाखवायच्या. हे आंबे नाहीत, ही घरं आहेत. हे पहिलं झाड म्हणजे दोनशे बारा, इथं मारोती वाघमारे राहायचा, गावातल्या निम्म्या विहिरी त्याच्या हातच्या. हे दोनशे एकोणीस, इथं राधाबाई, तिनं अडीचशे बाळंतपणं केली, नाल्याच्या अलीकडची जास्त. हे दोनशे चौतीस, आमचं. एकही वाक्य रागानं नसायचं. लोक ऐकत. काही जण मोबाइलवर रेकॉर्ड करत. काही जणांना कंटाळा यायचा, ते तिफण पाहायला वळायचे, तरी बाईंचं सांगणं थांबायचं नाही.

समितीनं हरकत घेतली की मार्गदर्शक नेमलेला नाही, कुणी परस्पर माहिती देऊ नये. बाई म्हणाल्या की मी मार्गदर्शक नाही, मी पाहायला येते आणि पाहताना मोठ्यानं बोलायची मला सवय आहे. मग रविवारी हॉलला कुलूप लावून पाहिलं. तेव्हा पर्यटकच ओरडू लागले आणि टपरीवाल्यांनी कुलूप काढायला लावलं.

जानेवारीत दिपाली आली. मोबाइलवर फिरणारा एक व्हिडिओ तिच्यापर्यंत पोचला होता. ती बाईंच्या घरी जाऊन बसली. आपल्याला आराखडा मिळाला तसा आपण रंगवला, पलीकडे काय होतं हे कुणी सांगितलं नाही आणि आपणही विचारलं नाही, हे तिनं कबूल केलं. पण भिंत समितीची, काम समितीचं, परवानगीशिवाय तिला ब्रश लावता येत नव्हता. तिची शाळेतली नोकरी अजून कायम व्हायची होती.

“तू नको लावू,” बाई म्हणाल्या. “त्या रंगावर दुसरा रंग बसते कसा, तेवढं सांग.”

दिपालीनं सांगितलं. आधी पॉलिश पेपरनं हलकं घासायचं, मग ऑइलपेंट, पातळ करायचा नाही. गेरूसारखा रंग कसा मिसळायचा तेही तिनं बाईंच्या ओट्यावर बसून करून दाखवलं.

पुढच्या मंगळवारी, भर दुपारी, हॉलची सगळी दारं उघडी ठेवून सत्यशीलाबाईंनी रंगवायला घेतलं. शिडी लागणार होती. ती घेऊन धर्मपाल आले. ऑटोच्या टपाला बांधून आणली आणि काम संपेपर्यंत खाली धरून उभे राहिले. बाईंनी जन्मात ब्रश धरला नव्हता. घरं चौकोनी व्हायची ती कुठं तिरपी झाली, कुठं फुगली. एक दोन घरांचा रंग ओघळून नाल्यात गेला. पण जागा अचूक होती. कोणतं घर कोणाच्या पाठीला, कोणाचं दार कुणाकडे, गल्ली कुठं वळते, विहीर कुठं, विहार कुठं. संध्याकाळपर्यंत आमराईत त्रेचाळीस घरं उभी राहिली, आणि ‘आमचं खैरदरा’ या अक्षरांच्या मधूनमधून ती दिसू लागली. प्रत्येक घरात त्यांनी पांढऱ्या रंगानं नंबर टाकला.

पुंडलिकराव आले तेव्हा मी तिथं होतो. ते भिंतीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “तू माह्यासंगं असं करशील असं वाटलं नोतं, सत्यशीला. तुह्या बापाले मी कधी अरेतुरे केलं नाई.”

“तुमी चांगले हा, भाऊ. म्हून तं एवढे दिवस तुमाले विचारत राह्यली,” बाई शिडीवरून उतरत म्हणाल्या. “पण माहा बाप कुठं राहत होता, सांगा मले. आंब्यावर?”

पुंडलिकरावांनी दिपालीला फोन लावला आणि भिंत पूर्ववत करून द्यायला सांगितलं. दिपालीनं नाही म्हटलं. नोकरी कायम व्हायची असूनही नाही म्हटलं, हे मला लिहून ठेवावंसं वाटतं. मग विषय सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत घ्यायचं ठरलं: दालनातील चित्राची विटंबना आणि पुढील कारवाई. विषयपत्रिकेवर ‘विटंबना’ हा शब्द मी लिहिला नाही. मी लिहिलं: ‘दालनातील नकाशाबाबत.’ माझ्याकडून झालं ते एवढंच, आणि आणखी एक.

त्या ग्रामसभेला शाळेच्या मैदानात बसायला जागा उरली नाही. पुंडलिकरावांनी प्रस्ताव मांडला की नकाशा मूळ आराखड्याप्रमाणे करावा. काही जण बाजूनं बोलले, काही विरुद्ध. आवाज वाढू लागले. सत्यशीलाबाई उठल्या आणि त्यांनी माइक न घेता सभेला सांगितलं की माझं मागणं काही नाही. नियम तोडल्याची जी शिक्षा असेल ती मी घेईन. फक्त एक गोष्ट हात वर करून ठरवा. त्यांनी ती माझ्याकडे पाहून सांगितली, आणि सचिव म्हणून मी ती त्यांच्याच शब्दांत सभेपुढे वाचली: नाल्याच्या पलीकडे घरं नव्हती असं ज्यांचं म्हणणं आहे, त्यांनी हात वर करावा.

समितीतल्या एकानं असा प्रश्न घेता येत नाही म्हणून हरकत घेतली. मी म्हणालो, घेतला आहे.

कुणाचाच हात वर झाला नाही. मी दोन मिनिटं थांबलो. मैदानात सहाशे माणसं होती आणि त्यांतली साडेचारशे तरी जुन्या गावात जन्मलेली. पुंडलिकराव माइक हातात धरून उभे होते. त्यांनी तो शेजारच्याकडे दिला, हात मोकळा झाला, तरी तो त्यांनी वर केला नाही. मागच्या रांगेतून शकुबाई मोठ्यानं म्हणाली की राधाबाईचं घर विहिरीच्या उजव्या हाताला होतं, ते डाव्या हाताला काढलंय. त्यावर नाल्यापलीकडच्या दोघी जणी तिच्याशी वाद घालू लागल्या, आणि बघता बघता निम्मं मैदान राधाबाईच्या घराबद्दल भांडू लागलं.

ठराव झाला: नाल्यापलीकडील त्रेचाळीस घरे नकाशात कायम ठेवावीत. सूचक म्हणून पुंडलिकरावांनी स्वतःचं नाव घालायला सांगितलं नाही, पण विरोधही नोंदवला नाही. बाईंना तालुक्याहून लेखी समज मिळाली, त्यांच्या सेवापुस्तकात ती लागली आहे. त्यांनी ती नोटीसही स्वतःच आणली.

मला वाटलं, झालं. पण एप्रिलमध्ये एका रविवारी मी काठावर गेलो असताना दालनात डोकावलो. बाई नेहमीप्रमाणे काडी घेऊन उभ्या होत्या. पर्यटक निघून गेले होते. एक म्हातारा तेवढा मागे राहिला होता. डोक्याला टॉवेल, हातात काठी. नाव धावजी. तो कोलाम आदिवासी होता. जुन्या गावाच्या वरच्या टेकडीवर कोलामांचं पोड, म्हणजे छोटी वस्ती, होतं. तेही धरणात गेलं आणि ती माणसं पार पलीकडच्या काठाला जाऊन राहिली होती.

त्यानं नकाशा वरपासून खालपर्यंत पाहिला आणि बाईंना विचारलं, “आमचं पोड कुठी हाय?”

बाईंनी भिंतीकडे पाहिलं. टेकडीवर दिपालीनं सागाची झाडं काढली होती, ती तशीच होती. त्रेचाळीस घरं रंगवताना बाईंची शिडी त्या झाडांना टेकलेली मी पाहिली होती.

“माह्या ध्यानातच नाई आलं,” त्या म्हणाल्या.

“ध्यानात कसं नाई?” धावजीच्या बोलण्यात राग नव्हता. “खाली करायची नोटीस तं तूच आणून देल्ली. आठ घरं. आठही घरी आलती.”

मी त्या बाईला नोटिशीपुढे पाहिलं होतं, समितीपुढे पाहिलं होतं, सहाशे माणसांपुढे पाहिलं होतं. तिची मान खाली गेलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. पण फार वेळ नाही. त्या मागच्या खोलीत गेल्या, गेरूच्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आल्या आणि धावजीच्या पुढं धरला.

आपल्याला काढता येत नाही, धावजी म्हणाला.

“मले कुठं येत होतं? तू दाखव, मी शिडी धरते.”

मी मध्ये पडलो. ठराव त्रेचाळीस घरांचा आहे, त्यावर आणखी काही रंगवलं तर समिती पुन्हा उठेल, असं मी सांगितलं. ते खरंही होतं.

“मंग नवा ठराव लिहा, साहेब,” सत्यशीलाबाई म्हणाल्या. “तुमी लिहीपर्यंत यांचे आठ घरं होऊन जाते.”

धावजी शिडीच्या दुसऱ्या पायरीवर चढला होता. त्यानं ब्रश बुडवला, सागाच्या झाडांकडे पाहिलं आणि घर काढण्याआधी थांबला. पोडाच्या मधात चावडी होती, तो म्हणाला, आधी ती पाहिजे, घरं तिच्या भोवती. बाई म्हणाल्या की चावडी मधात नव्हती, चढाच्या बाजूला होती, मी स्वतः तिथं बसून पाणी प्यायले आहे. तू एकदा आलीस, मी तिथं जन्मलो, धावजी म्हणाला. त्यांचं ते चालू असताना मी विषयपत्रिकेचा कागद काढायला ऑफिसकडे निघालो.